पोवळ्याच्या गावाला



या खेपेची भटकंती सुरू झाली ती आमच्या आजीच्या अंगठीपासून. आजीच्या बोटात एक जुनी अंगठी आहे आणि तिच्यात शेंदरी रंगाचं पोवळं बसवलेलं आहे. सहावीतल्या माझ्या भाच्यानं एकदा ती अंगठी निरखून पाहिली आणि विचारलं, "आजी, हा कुठल्या खाणीतला दगड गं?"

आजी म्हणाली, "अरे, खाणीतला नव्हे, समुद्रातला."

"समुद्रात दगडांची खाण असते?"

आता आली का पंचाईत! आजीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "तो दगडच नाही मुळी. एका प्राण्याचं घर आहे ते." भाच्याचा विश्वास बसेना. आठवीतली भाची तर म्हणाली, "मावशी थापा मारतेय!" शेवटी ठरलं, नाताळच्या सुट्टीत जाऊन प्रत्यक्ष बघूनच यायचं. सोसायटीतली आणखी तीन मुलं तयार झाली आणि आमची पाच अधिक एक अशी सहाजणांची टोळी झाली. पाच मुलं म्हणजे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. समुद्रावर जाताना याहून मोठी टोळी मी नेत नाही.

जायचं कुठं? प्रवाळ म्हटलं की लोकांना अंदमान आठवतं, लक्षद्वीप आठवतं, नाही तर एकदम ऑस्ट्रेलियाची २३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग आठवते. पण आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहे बरं का, आणि तो आहे मालवणला, शिवाजी महाराजांच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती! आपल्या पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सुरू होतो, तो कुडाळवरूनच पुढे जातो. आम्ही मात्र कोकण रेल्वेनं गेलो. रात्री पनवेलला गाडीत बसलो, सकाळी कुडाळला उतरलो आणि तिथून एसटीनं मालवण गाठलं.

गाडीत भाच्यानं आपली योजना सांगितली. पाण्यात तोंड बुडवून बघायचं असेल, तर तोंडात एक नळी धरतात. तिला स्नॉर्केल म्हणतात. तिचं वरचं टोक पाण्याबाहेर राहतं आणि त्यातून श्वास घेता येतो. ही नळी असते जेमतेम हातभर. भाचा म्हणाला, "मावशी, एवढीशी नळी कशाला? आपली बागेतली पाइप नेली असती, तर तळाशी मांडी घालून बसलो असतो की!"

कल्पना झकास आहे, नाही? तुमच्यापैकीही पुष्कळांना सुचली असेल. पण असं करायचं नाही हं, कधीच नाही. का, ते जरा गणितानं पाहू. एक मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० ग्रॅम असतो. तुमच्या छातीपोटाचा समोरचा भाग साधारण २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब धरा. क्षेत्रफळ झालं ६०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे त्यावर भार पडला ६० किलोंचा! नळीतली हवा मात्र बाहेरच्या साध्याच दाबाची असते, त्यामुळे आतून काहीच आधार मिळत नाही. म्हणजे एक मीटर खोल बसून नळीनं श्वास घ्यायचा, तर छातीवर एक मोठा माणूस बसवून छाती फुगवण्यासारखं आहे ते. शिवाय लांब नळीत आपण सोडलेला वाईट श्वास तसाच अडकून राहतो आणि पुन्हा तोच आत येतो. म्हणून नळी आखूड! खोल जाणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवर हवेची टाकी असते. तिला जोडलेलं यंत्र भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानं हवा पुरवतं. असं यंत्र १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी तयार केलं.

भाच्यानं बोटांवर हिशेब पुन्हा केला आणि पाइपचा नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर हजर! होडीवाले काका पन्नाशीचे, उन्हानं रापलेले. त्यांच्या जोडीला पाण्यात उतरणारा एक तरुण दादा. "खंयसून इलास?" काकांनी विचारलं. आमची टोळी एका सुरात ओरडली, "पनवेलहून!"

होडीत पाय ठेवण्याआधी काकांनी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घातलं आणि पट्टे स्वतः ओढून पाहिले. आमच्यातला एकजण कुरकुरला, "गरम होतंय, पाण्यात उतरताना घालतो." काका काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं इंजिन सुरूच केलं नाही! दोन मिनिटं होडी तशीच डुलत राहिली. मग जाकीट गुपचूप अंगावर चढलं. मुलांनो, हा हट्ट उगाच नव्हता. मे २०२२ मध्ये इथून जवळच तारकर्लीला पर्यटकांची एक बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. समुद्र हा काही बागेतला तलाव नव्हे.

होडी निघाली. समोर सिंधुदुर्ग! कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! पण आज आम्हाला तटाच्या आत जायचं नव्हतं, तटाबाहेरच्या पाण्यात डोकवायचं होतं. खडकांच्या आडोशाला, लाटा कमी असतात तिथं, काकांनी होडी थांबवली. नांगर मात्र त्यांनी दोनदा खाली वाकून बघून मगच टाकला, वाळूत. तो का, ते मागाहून कळलं.

दादानं प्रत्येकाला डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा दिला. काचेच्या आतून थुंकी लावायला सांगितली. "ईऽऽ!" पाचही जण ओरडले. पण त्यामुळे काचेवर वाफ धरत नाही. आधी होडीतच सराव झाला: नाक विसरायचं, श्वास तोंडानंच घ्यायचा, सावकाश. एकेकानं पाण्यात उतरायचं, दादानं धरलेल्या रबरी रिंगणाला हात घट्ट धरायचा आणि पालथं तरंगत फक्त बघायचं. नियम दोनच. कशालाही हात लावायचा नाही आणि पाय खाली टेकायचे नाहीत.

भाचीला पाण्याची भीती वाटते. इतरांची थट्टा करणारी ही मुलगी होडीच्या कडेला बसून अगदी गप्प झाली होती. दादा म्हणाला, "भियां नको बाय, मी आसंय." मग त्यानं तिला घाई अशी केलीच नाही. आधी फक्त पाय पाण्यात, मग कमरेपर्यंत, मग हनुवटी. दहा मिनिटं गेली असतील. शेवटी तिनं एकदाचं डोकं पाण्यात घातलं आणि नंतर वर काढायलाच तयार होईना!

काय दिसत होतं खाली? मी खरं सांगते, सिनेमातल्यासारखं निळंशार, काचेसारखं पाणी मालवणला नसतं. काही मीटरपर्यंत दिसतं आणि पुढं हिरवट धुकं. पण त्या काही मीटरांत गंमत केवढी! खाली खडक, त्यावर पिवळसर तपकिरी गोळे, कुठं घडीच्या पानांसारखे थर, कुठं मेंदूवर असतात तशा वळ्या. त्यांच्यामधून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्यानं इकडून तिकडे. एक चपटा मासा भाच्याच्या काचेसमोर येऊन थांबला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

वर आल्यावर भाच्यानं हात पसरून सांगितलं, "एवढा मासा होता!" दादा हसला. म्हणाला, "सगळ्यांकच मोठे दिसतत." यात भाच्याची लबाडी नाही, दोष प्रकाशाचा. आपल्या डोळ्याचा समोरचा फुगीर, पारदर्शक पडदा हवेतून येणाऱ्या प्रकाशाला वाकवतो, म्हणून चित्र स्पष्ट दिसतं. पाण्यात तो पडदा आणि पाणी जवळजवळ सारखेच, त्यामुळे प्रकाश फारसा वाकत नाही आणि सगळं पुसट दिसतं. मुखवट्यामुळे डोळ्यांसमोर पुन्हा हवा येते आणि चित्र स्पष्ट होतं. पण पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश दिशा बदलतो, आणि वस्तू पाव हिश्शानं जवळ आणि साधारण एक तृतीयांशानं मोठी दिसते. म्हणजे वीत-दीड वीत असं काही सांगणाऱ्या सगळ्या पाणबुड्यांच्या गोष्टीतून थोडं वजा करायचं!

आता जे घडलं ते सांगते. दुसऱ्या फेरीत भाच्याच्या मुखवट्यात पाणी शिरलं. तो गडबडला, नाकानं श्वास घेतला, खोकला आला, हातातलं रिंगण सुटलं आणि घाबरून त्यानं पाय खाली सोडले. पायाला खडक लागला, तो त्यावर उभा राहिला. दादानं क्षणात त्याला बखोटीला धरून उचललं. "पाय वर घे बाबू! तो दगड नाय, जितो आसा!"

होडीत घेतल्यावर पाहिलं, भाच्याच्या घोट्याला बारीकसं खरचटलं होतं. काकांनी गोड्या पाण्यानं धुतलं. पण त्याचं लक्ष पायाकडे नव्हतंच. त्यानं हळूच विचारलं, "मावशी, माझ्यामुळे तो मेला का गं?"

मग भर समुद्रात आमचा वर्ग भरला. प्रवाळ म्हणजे एक नव्हे, हजारो इवलेइवले प्राणी. जेलीफिशचे नातलग. एकेकाचं अंग म्हणजे मऊ पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या सोंडा. प्रत्येकजण आपल्याखाली चुन्याची पेटी बांधतो, शेजारी शेजाऱ्याला चिकटतो आणि अशा पेट्यांवर पेट्या चढत त्यांची वसाहत वाढते. आपल्याला वरून दिसतो तो "दगड". पूर्वी सगळे प्रवाळाला झाडच समजायचे. १७२०च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलं की हा प्राणी आहे, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांना ते पटलं नव्हतं. तेव्हा माझ्या भाचीला पटलं नाही, यात नवल ते काय!

आणखी गंमत म्हणजे या प्राण्यांच्या अंगात भाडेकरू राहतात. सूक्ष्म शैवाल ते. शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. प्रवाळाला रंग येतो तोही बहुतेक या भाडेकरूंमुळेच. पण समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे घर मोडतं. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढराफटक होतो आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतो. १९९८ साली जगभर असं मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की ही जागतिक आपत्ती चौथ्यांदा आली आहे. या चौथ्या वेळी जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला उष्णतेची झळ पोचली. प्रवाळांच्या रांगा समुद्रतळाच्या एक टक्काही जागा व्यापत नाहीत, पण समुद्रातल्या सुमारे पाव जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात. म्हणजे बुडतं ते एकाचं घर नव्हे, सगळी आळीच्या आळी!

"आणि मी उभा राहिलो तो?" भाच्याचा प्रश्न सुटला नव्हता.

दादानं दोन्ही हातांनी फुटबॉलएवढा आकार दाखवला. एवढा गोल प्रवाळ वाढायला किती वर्षं लागतात? अशा भरीव प्रकारचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी वाढतात. फुटबॉलची त्रिज्या अकरा सेंटीमीटर. भाचीनं पटकन सांगितलं, "म्हणजे अकरा-बारा वर्षं. तुझ्याच वयाचा!" एका पायानं सगळी वसाहत मरत नाही, पण जिथं पाय पडतो तिथले मऊ जीव चिरडतात, फांद्यांचा प्रवाळ तर काडकन मोडतो. काकांनी नांगर वाळूत का टाकला, ते आता सगळ्यांना समजलं. भाचा गप्प बसून राहिला. मीही त्याला रागावले नाही. घाबरलेला माणूस पाय टेकणारच. चूक असेल तर माझी. मुखवट्यात पाणी शिरलं तर काय करायचं, याचा सराव मी दोनदा करून घ्यायला हवा होता.

तेवढ्यात जवळच दुसरी एक होडी आली आणि तिच्यातले लोक पाण्यात पाव टाकू लागले. माशांची झुंबड उडाली. आमच्या मंडळींनाही मोह झाला. डब्यात पोळ्या होत्याच! काकांनी मान हलवली. प्रवाळावर वाढणारं शेवाळ खाऊन त्याची साफसफाई करणं हे पुष्कळ माशांचं काम. त्यांना आयता पाव मिळाला, तर काम कोण करणार?

परतताना मी काकांना विचारलं, "अभयारण्याचा तुम्हाला फायदा की तोटा?" १९८७ साली सरकारनं इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. महाराष्ट्रातलं ते पहिलं सागरी अभयारण्य. तेव्हा मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला होता. काका म्हणाले, त्यांचे वडीलही त्यांत होते. पिढ्यान् पिढ्या जिथं जाळं टाकलं, तिथं उद्या बंदी आली तर चूल कशी पेटायची? हा प्रश्न खोटा नव्हता. आजही सगळी उत्तरं मिळालेली नाहीत. पण आता त्यांचाच पुतण्या, म्हणजे आमचा दादा, पाण्यात उतरण्याचं शिक्षण घेऊन लोकांना प्रवाळ दाखवतो. प्रवाळ टिकला तर त्याचं काम टिकणार. आणि माशांची पिल्लं या खडकांच्या आडोशाला वाढतात, म्हणून जाळंही भरणार. पोट आणि प्रवाळ, दोन्ही सांभाळायचं हे गणित मालवणची माणसं रोज सोडवत असतात.

किनाऱ्यावर वाळूत भाचीला पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा सापडला. लिंबाएवढा, त्यावर बारीक बारीक ताऱ्यांसारखी नक्षी. "हा तर मेलेलाच आहे. आजीला नेऊ या ना! अंगठीशेजारी ठेवेल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या देशात प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो उचलून नेता येत नाही. पण मी कायदा सांगण्याआधीच भाचा म्हणाला, "आपण कर्नाळ्याला जातो, तिथनं पक्ष्याचं घरटं आणतो का?" त्यानं वही काढली आणि तो तुकडा तिथंच वाळूवर ठेवून त्याचं चित्र काढलं. एकेक तारा मोजून काढला. गाडीची वेळ होईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

परतीच्या गाडीत प्रश्नांचा पाऊस! "आपल्या पनवेलच्या खाडीत प्रवाळ का नाही?" कारण त्याला स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागतं. आपल्या खाडीत गाढी नदीचं गोडं पाणी आणि गाळ येतो. तो चिखल आपल्या खारफुटीला मानवतो, प्रवाळाला नाही. पण प्रवाळ फार लांब आहे असंही समजू नका. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ सापडला. तिथला सागरी किनारा रस्ता बांधताना २०२० साली त्याच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या होत्या. आणि विजयदुर्गसमोर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात प्रवाळाचं एक मोठं पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, आपल्या दर्यासारंग कान्होजी आंग्र्यांवरून!

घरी पोचल्यावर भाच्यानं चित्र आजीपुढे ठेवलं. आजीनं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. मग अंगठीवरून बोट फिरवत म्हणाली, "माझ्या लग्नात दिलेली ही. म्हणजे हे कुणाचं तरी घर होतं म्हणायचं." आजीचं पोवळं मालवणचं नव्हे हं. दागिन्यांतलं लाल पोवळं ही वेगळी जात, ती मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत आली आहे. पण घर ते घरच, नाही का?

आई-बाबांसाठी चार गोष्टी: मालवणला जायचं ते पावसाळा संपल्यावर, पाणी निवळल्यावर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांच्या होड्या बंद असतात. जीवरक्षक जाकीट न देणाऱ्या किंवा जास्त माणसं भरणाऱ्या होडीत बसू नका, पैसे भरले असले तरी उतरा. सर्दी, कानदुखी किंवा दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. उन्हासाठी क्रीमचे थर देण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला घातक असतात. हवाई बेटांवर अशा क्रीमच्या विक्रीला २०२१ पासून बंदी आहे.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग: अंड्याच्या कवचाचा तुकडा एका पेल्यात ठेवा आणि त्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील. दुसऱ्या दिवशी कवचाचं काय झालं ते पाहा. अंड्याचं कवच आणि प्रवाळाची पेटी एकाच पदार्थाची असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि पाण्याचा खारेपणा तोच राहिला, तरी आम्लपणा वाढतो. व्हिनेगरइतका मुळीच नाही, अगदी किंचित. पण मग पेटी बांधणाऱ्या त्या इवल्या जीवाचं काय होत असेल? विचार करा आणि पत्रातून कळवा.

तर भेटू या पुढच्या आठवड्यात, नव्या वाटेवर. तोवर पाय वर आणि डोळे उघडे!

तुमची,
भटकी मावशी